तुकड्यांची सिगार

क्युबाची सिगार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाकडी पेटी, सोनेरी पट्टी आणि छाती दडपणारी किंमत उभी राहते. त्याच देशात होसे एल. पिएद्रा नावाची एक सिगार बनते, ती पाच-पाचच्या साध्या पाकिटातही मिळते. स्पेनच्या अस्तुरियासमधून क्युबात आलेल्या पिएद्रा कुटुंबाने हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलं. क्युबाच्या हाताने वळलेल्या सिगारींत इतकी स्वस्त दुसरी सापडणं कठीण. तिला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते ते तिला चुकीच्या तराजूत तोलतात.

सिगारीचे भाग तीन. आतलं भरण, ते बांधून ठेवणारं पान आणि सर्वांत वरचं देखणं आवरण. महाग सिगारीत भरणाची पानं सिगारीच्या लांबीची, सलग असतात. पिएद्रात सलग पानांच्या सिगारी वळताना उरलेले तुकडे भरतात. क्युबात याला ‘त्रिपा कोर्ता’, म्हणजे आखूड भरण, म्हणतात. सुटे तुकडे नुसत्या बोटांनी आवरत नाहीत, म्हणून कारागीर मेजावर बसवलेल्या लवचीक पट्टीची मदत घेतो. पानही नामांकित वुएल्ता आबाहो भागातलं नसून मध्य क्युबातल्या रेमेदियोसकडचं. स्वस्ताई आली ती इथून. वरचं पान कापणं, ताणणं, गुंडाळणं, टोकाला टोपी चिकटवणं हे काम मात्र हाताचंच. सोलापूर-सिन्नरकडे विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं ज्याने पाहिली आहेत, त्याला या कामातली मेहनत वेगळी सांगायला नको.

क्युबाच्या कारखान्यांत वळणाऱ्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायची प्रथा १८६५ पासून आहे. ‘मोंतेक्रिस्तो’ हे सिगारीचं प्रसिद्ध नाव अशाच वाचल्या गेलेल्या कादंबरीवरून आलं, असं सांगतात. हाताच्या कामाला अशी सोबत देणारा धंदा मला फार आदराचा वाटतो.

आता पारख. समजा, हातात पिएद्राची ‘कासादोरेस’ आहे. लांबी १५२ मिलिमीटर, जाडी ४३. सिगारीची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात, म्हणजे ही साधारण १७ मिलिमीटर झाली. आवरणावर जाड शिरा दिसतील, रंग एकसारखा नसेल. ते सोडून द्यावं. पेटवण्याआधी ती दोन बोटांत हलकेच दाबत टोकापासून टोकापर्यंत जावं. कुठे गाठ लागली तर तिथे भरण कोंबलं गेलंय आणि धूर अडणार. कुठे पोकळ लागली तर ती जागा भडभड जळणार. मग टोपी वरच्या वर कापावी, दोनेक मिलिमीटर. त्याहून खाली कापलं की आवरण सुटायला लागतं. न पेटवताच एक झुरका ओढून पाहावा. हवा थोडा अडथळा देत, पण गालांना ताण न पडता यायला हवी. स्वस्त सिगारीची माझी सर्वांत मोठी कसोटी हीच, कारण यात पानाच्या किमतीचा संबंध नाही. वळणाऱ्याचा हात कळतो.

पेटवताना ज्योत टोकाला चिकटवू नये. थोडी दूर धरून सिगार फिरवत राहावं, कडा सगळीकडून लाल झाली की ओढावं. पुढे मिनिटाला एखादाच झुरका. तुकड्यांच्या भरणात हवेला वाटा जास्त सापडतात, त्यामुळे ही सिगार लवकर तापते आणि तापली की कडू होते. अनेकांना जो कडूपणा पानाचा वाटतो, तो पुष्कळदा घाईचा असतो.

राखेवरून पारख करणारे इथे हमखास फसतात. सलग पानाच्या सिगारीची राख इंचभर टिकते, कारण आतलं पानच तिला धरून ठेवतं. तुकड्यांची राख लवकर गळणार. तो दोष धरायचा नाही, राखदाणी जवळ ठेवायची. तिरकं जळणं मात्र बघावं. एक बाजू मागे राहिली तर तिथे ज्योत लावून सारखं करता येतं. एकाच सिगारीत ते वारंवार करावं लागलं तर वळण्यात खोट आहे. जिभेवर बारीक तुकडे येतात, तेही फार आले तरच तक्रार करावी. तिरुचिरापल्लीच्या उरैयूर भागात वळल्या जाणाऱ्या चिरुटांनाही मी याच कसोट्या लावतो.

चवीत माती, सुकं लाकूड, थोडी मिरी. यापलीकडे शोधत बसू नये. नाकात अमोनियासारखी झणझण आली तर पान पुरतं आंबलेलं आणि मुरलेलं नाही. अशी पाकिटं काही महिने ठेवून द्यावीत. सिगारीला ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघड्यावर राहिली तर बुरशी धरते, नागपूरच्या उन्हाळ्यात तडकते. घट्ट झाकणाचा डबा आणि आर्द्रता राखणारी पुडी एवढं पुरे.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. सिगारीचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाचा, घशाचा कर्करोग तिनेही होतो, आणि न ओढणाऱ्याने ती सुरू करावी असं मी कधीच म्हणणार नाही.

ओढणाऱ्यांसाठी माझा निकाल असा: चांगली वळली गेलेली कासादोरेस पहिल्या दोन-तृतीयांशात आपली किंमत पुरेपूर वसूल करून देते. शेवटचा भाग तापतो, कडवटतो. तो ओढू नये. उरलेला तुकडा चिरडूही नये, त्याने खोलीभर घाण वास सुटतो. राखदाणीत नुसता ठेवला की काही मिनिटांत आपोआप विझतो.