रामाकोन्याचा विद्यार्थी आणि तारखांचा रेझ्युमे

छिंदवाडा-नागपूर रेल्वेमार्गावरील रामाकोना हे मध्य प्रदेशातील मराठी बोलणारे गाव. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला आणि सौंसर तालुक्यासह रामाकोनाही छिंदवाड्यातून त्यात गेले. घर तेच, गल्ली तीच. पण जुन्या दाखल्यावर एक जिल्हा आणि नव्यावर दुसरा. नोकरीसाठी नागपूर गाठणाऱ्या तरुणाच्या कागदांत अशी तफावत दिसली की शंका घेतली जाते. कालानुक्रमी रेझ्युमे ती शंका आधीच दूर करू शकतो, कारण त्यात प्रत्येक गोष्ट आपापल्या तारखेसह उभी असते.

या प्रकारात सर्वांत अलीकडची नोंद वर येते आणि मजकूर मागे मागे जातो. आपल्याकडे मात्र दहावीपासून वर चढण्याची सवय आहे. त्यातही रेझ्युमे आणि लग्नाचा बायोडाटा यांची सरमिसळ होते. जात, उंची, वडिलांचा व्यवसाय असे सारे काही येते, पण काय काम केले ते येत नाही.

ज्याचे शिक्षण सलग झाले आहे आणि ज्याच्याकडे प्रशिक्षणाच्या किंवा कामाच्या दोन-तीन तारखा आहेत, त्याने हाच प्रकार निवडावा. कामे फार विखुरलेली असतील, तर कौशल्यांनुसार केलेली मांडणी बरी. शिक्षणात एखाद्या वर्षाचा खंड पडला म्हणून मात्र तारखा लपवू नयेत. वाचणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

खंड पडलेल्या त्या वर्षी विद्यार्थी बहुधा रिकामा बसलेला नसतो. या भागात संत्र्याच्या बागा आहेत. तोडीच्या हंगामात हिशेबाची वही सांभाळली असेल, तर ‘शेतीत मदत’ एवढ्यावर थांबू नये. ‘ऑक्टोबर ते डिसेंबर २०२२, घरची संत्राबाग, रामाकोना: मजुरांची हजेरी, रोजची मजुरी आणि व्यापाऱ्याकडे गेलेल्या मालाची नोंद’ असे लिहावे. आकडे द्यायचे तर वहीत असतील तेवढेच द्यावेत. मुलाखतीत प्रश्न त्यांवरच येतो.

मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून पदवी अभ्यासक्रमाला नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. तेव्हापासून इंटर्नशिप किंवा क्षेत्रप्रकल्प हा पदवीचाच भाग आहे. विद्यार्थी तो पदवीच्या ओळीत गाडून टाकतात. त्याला महिना, ठिकाण आणि केलेले काम यांसह स्वतंत्र नोंद द्यावी.

नावांच्या बाबतीत नियम सोपा आहे: आजचा पत्ता आजचा, जुनी नोंद कागदावर आहे तशी. पत्त्यात जिल्हा पांढुर्णा लिहावा. २०२३ पूर्वीच्या नोंदीत ‘तत्कालीन जिल्हा छिंदवाडा’. २०१९ मध्ये सुरू झालेल्या छिंदवाडा विद्यापीठाचे नाव पुढे राजा शंकर शाह विद्यापीठ झाले. गुणपत्रिकेवर जे नाव असेल तेच घ्यावे. बारावीसमोर ‘हायर सेकंडरी, माध्यमिक शिक्षा मंडळ, भोपाळ’ असे पूर्ण लिहावे. गोव्यातून मुंबई-पुण्याकडे अर्ज करणाऱ्यांनीही आपल्या मंडळाचे नाव असेच स्पष्ट द्यावे.

राहिले स्वतःचे नाव. महाराष्ट्रात नावानंतर वडिलांचे नाव आणि मग आडनाव लिहिण्याची रीत आहे. भोपाळ मंडळाच्या गुणपत्रिकेत वडिलांचे नाव वेगळ्या ओळीत असते. रेझ्युमेच्या माथ्यावर गुणपत्रिकेतलेच नाव ठेवावे आणि अर्जात मधले नाव मागितले असेल, तरच ते तिथे भरावे.