भिलाईने सोलापूरकडून घ्यावयाचा धडा

मेथॅम्फेटामाइन या घातक उत्तेजकाचा धोका केवळ जप्तीच्या आकड्यांवरून मोजता येत नाही. मुंबई-हावडा लोहमार्ग आणि नागपूर-रायपूर महामार्ग भिलाईतूनच जातात. ओडिशातील गांजा पश्चिमेकडे नेणाऱ्यांनी छत्तीसगडच्या या वाटा पूर्वीच वापरल्या आहेत. जुन्या वाटेने नवा मालही जाऊ शकतो. पूर्वेकडून त्याचा दबाव वाढतोच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये अंदमानच्या समुद्रात तटरक्षक दलाने म्यानमारी बोटीतून साडेपाच टनांहून अधिक मेथ पकडले.

तथापि, मूळ प्रश्न कच्च्या मालाचा आहे. एप्रिल 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या चिंचोली औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यातून सुमारे 18 टन एफेड्रीन जप्त केले. औषधासाठीचे हे रसायन मेथ बनविण्यासाठी केनियात जाणार होते, असा पोलिसांचा आरोप होता.

येथे कायद्याचे पारडे विषम आहे. 50 ग्रॅमहून अधिक मेथ बाळगल्यास किमान 10 वर्षे कारावास. नियंत्रित रसायन वळविण्याच्या कलमाखाली मात्र कमाल शिक्षाच 10 वर्षांची. 2013 च्या आदेशाने एफेड्रीनच्या उत्पादकांना व विक्रेत्यांना नोंदणी आणि तिमाही हिशेब बंधनकारक केला आहे. तो हिशेब गोदामातील साठ्याशी आणि मालवाहतुकीच्या पावत्यांशी ताडून पाहणे, हे दुर्ग जिल्हा प्रशासनाचे पहिले काम ठरते. पोलादनगरीच्या वसाहतींत वाढणाऱ्या मुलांचे, त्यांतील मराठी घरांच्या मुलांचेही, खरे संरक्षण तेथूनच सुरू होईल. गल्लीतील पुडी पकडली जाईतो उशीर झालेला असतो.