सव्वाशे कोटींचा एकुलता एक

एखादा मुलगा बोर्डात आला की त्याच्या घरचे पेढे तोंडात विरघळायच्या आत सगळी आळी त्याचे पुढचे आयुष्य ठरवून मोकळी होते. सतनामसिंग भामरा या पंजाबी तरुणाच्या बाबतीत ही आळी होती सव्वाशे कोटी लोकांची!

सतनामचा जन्म १९९५ चा, बरनाला जिल्ह्यातल्या बल्लोके या खेड्यातला. वडील शेतकरी आणि स्वतःच सात फुटांवर उंच. तेव्हा मुलगाही ताडासारखा वाढला यात नवल नाही. लुधियानाच्या अकादमीत तो बास्केटबॉल शिकला आणि २०१० मध्ये, अवघ्या चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत फ्लोरिडाला गेला. इंग्रजी धड येत नाही, घरचे माणूस जवळ नाही. अशा परमुलखात पोराने पाच वर्षे काढली. २५ जून २०१५ रोजी डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याला निवडले. एनबीए या अमेरिकेतल्या सर्वश्रेष्ठ व्यावसायिक स्पर्धेसाठी निवडला गेलेला तो पहिला भारतीय. झाले! वर्तमानपत्रांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवले. पुढच्याच वर्षी त्याच्यावर अनुबोधपटही निघाला.

मला मात्र त्या साऱ्या गाजावाज्यात एकच आकडा बोलका वाटतो. त्या रात्री साठ खेळाडू निवडले गेले. त्यांत सतनामचा क्रमांक होता ५२ वा. पहिल्या तिसांना कराराची हमी असते, पुढच्या तिसांना ती नसते. पंक्तीत पाट मांडला होता, पण पान वाढले जाईलच असे नव्हते. आपण पाट पाहिला आणि टाळ्या वाजवल्या.

त्यात काळही उलटा फिरला. बास्केटबॉलची कडी दहा फुटांवर असते. तिच्याखाली सव्वासात फुटी पहाड उभा करावा, ही जुनी रीत. पण त्याच जून महिन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने अंतिम मालिकेतल्या चौथ्या सामन्यात आपला सात फुटी बोगट सुरुवातीच्या पाचांतून बाहेर बसवला, त्याच्या जागी साडेसहा फुटी इग्वोडालाला घेतले आणि मालिका जिंकली. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. पुढे सगळे संघ वेगाच्या आणि लांबून मारायच्या तीन गुणांच्या फेकीच्या मागे लागले. सतनामच्या अंगात बळ होते, हातही मऊ होता. पण पाय जड. उंची देवाने दिली तरी चपळाई लहानपणापासून घोटून घ्यावी लागते. ती घोटायला आपल्या तोडीचे दहाजण रोज समोर लागतात. आपल्या देशात असे दहाजण आणायचे कुठून?

दोन हंगाम तो टेक्सास लेजंड्स या दुय्यम संघाकडून खेळला. एनबीएच्या मुख्य हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. नंतर तो कॅनडातल्या स्पर्धेत खेळला. २०१९ मध्ये उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत तो अडकला आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. २०२१ मध्ये त्याने अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या एका कंपनीशी करार केला.

याला अपयश म्हणायचे का? माझे मत विचाराल तर मुळीच नाही. साऱ्या जगातून त्या वर्षी निवडलेल्या साठांत त्या खेड्यातल्या पोराचे नाव होते. एनबीएचा तारा तो झाला नाही, याला त्याचे जड पाय कारण, बदललेला खेळ कारण; पण तिसरे कारण आपल्या अंगणात आहे. जिथे बास्केटबॉल खेळून पोट भरेल अशी भरभक्कम स्पर्धा नव्हती, शाळा सुटल्यावर मुलाने खेळायचे कुठे याची वाट नव्हती, तिथे एकाच मुलाच्या खांद्यावर आपण साऱ्या देशाची हौस ठेवली. एनबीएच्या व्यापाऱ्यांनाही सव्वाशे कोटी गिऱ्हाइके दिसत होती, हे वेगळे सांगायला नको.

घरातल्या हुशार मुलाला ‘आमचे नाव काढ’ म्हणताना आपण पुष्कळदा हेच करतो. तो पडला तर सावरायला, अडला तर शिकवायला मागे काय उभे केले आहे, हे कुणी विचारत नाही. सतनामच्या मागे आणखी शंभर सतनाम धावत असते, तर त्यातला एखादा पोहोचला असता. आणि न पोहोचलेल्या नव्याण्णवांना कुणी ‘वाया गेला’ म्हटले नसते.