मोबाईलवरील खरेदी-विक्री : फसवणूक व खबरदारी

आठवडी बाजार ही ग्रामीण व्यवहारज्ञानाची जुनी शाळा होय. बैल घेणारा शेतकरी बैलाचे दात पाहतो, त्यास चालवून पाहतो, विकणारा कोणत्या गावचा याची चौकशी करतो, चार जाणत्यांचे मत घेतो आणि मगच पैसे मोजतो. धान घेणारा व्यापारी मूठभर दाणे तळहातावर चोळून पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. या साऱ्या रीतींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. माल व पैसा यांची देवघेव एका जागी, एका वेळी आणि साक्षीदारांसमक्ष व्हावी, हे ते तत्त्व होय.

अलीकडे खरेदी-विक्रीचा मोठा भाग मोबाईलवर होऊ लागला आहे. साकोली तालुक्यातील शेतकऱ्यास जुना पाण्याचा पंप विकण्यासाठी बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. लाखांदूरच्या विद्यार्थ्यास पुण्यात छापलेले पुस्तक घरपोच मिळते. ही सोय मोठी आहे व तिचा त्याग करण्याचे काहीच कारण नाही. मात्र या बाजारात माल एकीकडे, पैसा दुसरीकडे आणि माणूस तिसरीकडे असतो. देणे व घेणे यांच्यामध्ये जे अंतर पडते, त्या अंतरातच फसवणुकीस जागा मिळते. ठकांचे डाव नित्य बदलतात. परंतु मालाची वा पैशाची खात्री पटण्यापूर्वीच समोरच्याकडून रक्कम काढून घेणे, हा त्यांचा हेतू कधी बदलत नाही. हे मूळ ध्यानात आले म्हणजे उद्याचा नवा डावही ओळखता येईल.

बाजाराचे दोन प्रकार

प्रथम दोन प्रकारांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या ठिकाणी ग्राहक आपली रक्कम कंपनीमार्फत देतो, माल कंपनीच्या व्यवस्थेतून येतो आणि ठरलेल्या मुदतीत अनेक वस्तू परत करता येतात. याउलट ओएलएक्स किंवा फेसबुकवरील मार्केटप्लेस येथे मुख्यत्वे जाहिराती असतात. तेथील व्यवहार बहुधा दोन अनोळखी व्यक्तींमध्ये परस्पर होतो. जाहिरात दिसली म्हणजे ती देणाऱ्याची कोणी हमी घेतली, असा समज करून घेणे चूक होय. गंभीर फसवणुकीचे पुष्कळ प्रकार या दुसऱ्या बाजारात घडतात.

विकणाऱ्याची फसवणूक

विकणारा कसा फसतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. बदली झालेले एक शिक्षक आपले लाकडी कपाट ६,००० रुपयांस विकण्याची जाहिरात देतात, असे समजा. थोड्याच वेळात दूरध्वनी येतो. बोलणारा आपण सैन्यात जवान असल्याचे सांगतो, गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्र पाठवितो. तो कपाट पाहण्यास येत नाही व भावही पाडत नाही. ‘पैसे आताच पाठवितो, माणूस उद्या येऊन कपाट नेईल,’ असे म्हणून तो एक क्यूआर कोड पाठवितो आणि रक्कम जमा होण्यासाठी तो स्कॅन करून पिन टाकावयास सांगतो. पिन टाकताच खात्यातून ६,००० रुपये वजा होतात. ‘चूक झाली, परत पाठवितो,’ असे सांगून तोच प्रकार दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा केला जातो. सैनिकाविषयी समाजास वाटणाऱ्या आदराचा हा दुरुपयोग देशभर झालेला आहे.

यातील मर्म असे. राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ साली सुरू केलेल्या यूपीआय पद्धतीत पिन म्हणजे खातेदाराची सही होय. बँकेच्या पावतीवर सही करून आपण जसे पैसे काढतो, तसेच पिन टाकून आपण पैसे देतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि ओटीपीही सांगावा लागत नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठविण्याची यूपीआयमधील सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, त्यामुळे ठकांची एक वाट बुजली. परंतु क्यूआर कोडची युक्ती शिल्लक आहेच.

दुसरा डाव खोट्या संदेशाचा. ‘आपल्या खात्यात ६०,००० रुपये जमा झाले,’ असा बँकेसारखा दिसणारा संदेश येतो. पाठोपाठ समोरचा मनुष्य विनवणी करतो, ‘एक शून्य चुकून जास्त पडले, उरलेले परत करा.’ प्रत्यक्षात काहीही जमा झालेले नसते. यास्तव संदेशावर वा पाठविलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. आपल्या खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी आणि मगच वस्तू हातून सोडावी.

घेणाऱ्याची फसवणूक

घेणाऱ्यासाठी आमिष असते ते स्वस्ताईचे. बाजारात ६०,००० रुपयांस मिळणारी जुनी मोटारसायकल २०,००० रुपयांस दिसते. सोबत नोंदणीपुस्तकाचे छायाचित्रही असते. ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे,’ असे सांगून आधी इसार मागितला जातो. पुढे वाहतूक खर्च, कर, विमा अशा नावांनी एकेक रक्कम उकळली जाते. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून मनुष्य पुढचे भरीत जातो, आणि गाडी कधीच येत नाही. अशा वेळी पहिल्या रकमेवर पाणी सोडणे हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग असतो.

जुने वाहन समक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. भंडारा जिल्ह्यातील वाहनांवर एमएच ३६ ही नोंदणी खूण असते. परंतु खुणेवरून मालकी सिद्ध होत नाही. इंजिन व चासीचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा, वाहनावर कर्जाचा बोजा आहे काय हे तपासावे आणि नमुना २९ व ३० भरून परिवहन कार्यालयात नाव बदलून घ्यावे. विकणाऱ्यानेही हे टाळू नये, कारण कागदोपत्री मालक तोच राहिला तर अपघाताची जबाबदारी त्याच्याकडे येऊ शकते.

जुना मोबाईल घेताना त्यावर *#०६# असे दाबावे म्हणजे १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर तो क्रमांक घातला असता त्या संचाची नोंद काय आहे, तो अडवून ठेवलेला आहे किंवा कसे, हे कळते. चोरीचा संच अजाणता घेणाऱ्यालाही पोलीस चौकशीस तोंड द्यावे लागते.

नव्या मालातही नकली दुकाने असतात. मोहाडी व आंधळगाव येथील हातमागाच्या कोशाच्या वस्त्रांची ख्याती दूरवर आहे. त्याच नावाखाली कृत्रिम धाग्याची साडी अत्यल्प किमतीत दाखविणारी संकेतस्थळे आढळली तर नवल मानू नये. पत्ता, परत घेण्याची अट व सिल्क मार्कची खूण यांची पाहणी केल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. पार्सल उघडताना मोबाईलवर चित्रण करून ठेवावे. न मागविलेले पार्सल पैसे देऊन स्वीकारू नये. तद्वतच कंपनीचा मदत क्रमांक गूगलवर शोधून मिळालेल्या कोणत्याही पानावरून घेऊ नये. तो कंपनीच्या मूळ अ‍ॅपमधूनच घ्यावा. मदतीच्या नावाखाली मोबाईलचा पडदा दुसऱ्यास दाखविणारे अ‍ॅप उतरवून घेण्यास कोणी सांगितल्यास संभाषण तेथेच तोडावे.

हा संघटित धंदा आहे

फसलेला मनुष्य मूर्खच असला पाहिजे, ही समजूत सर्वथा चुकीची आहे. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणातील नूह जिल्ह्यात सुमारे ५,००० पोलिसांनी एकाच वेळी १४ गावांत छापे घातले व सुमारे १२५ संशयितांना ताब्यात घेतले. देशाच्या अनेक राज्यांतील लोकांची तेथून फसवणूक झाल्याचे तपासात उघड झाले. बनावट सिमकार्डे, दुसऱ्यांच्या नावांची बँक खाती, पाठ केलेली संभाषणे अशी सामग्री बाळगणाऱ्या टोळ्यांशी एकटा सज्जन मनुष्य घाईच्या क्षणी गाठ घालतो. म्हणूनच हुशारीपेक्षा नियम अधिक उपयोगी पडतो.

फसवणूक झाल्यास

पैसे गेल्याचे कळताच, रात्र असो वा सुटी असो, १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लावावा. घाई कशासाठी, हे गावकऱ्यांना समजावून सांगितले पाहिजे. ठक ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवितो आणि शेवटी रोख काढून घेतो. १९३० वरील तक्रार संबंधित बँकांपर्यंत पोचते व रक्कम ज्या खात्यात अद्याप पडून असेल तेथे ती गोठविता येते. रोख निघून गेल्यावर हा उपाय जवळजवळ संपतो. यास्तव पहिला तास मोलाचा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम व समोरच्याचा मोबाईल क्रमांक जवळ ठेवावा आणि संदेश पुसून टाकू नयेत. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार नोंदवावी.

बँकेसही तत्काळ कळवावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाचा दोष नसताना तिऱ्हाइतामुळे रक्कम गेली व ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर बोजा नाही. परंतु त्याने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. लवकर कळविण्याचे महत्त्व यावरूनही दिसून येईल.

दुकान चालविणाऱ्या कंपनीविरुद्धची तक्रार मात्र ग्राहक कायद्याखाली येते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व एका महिन्यात निवारण दिले पाहिजे. राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ हा आहे. त्यानेही काम न झाल्यास ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते व ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्यास शुल्क लागत नाही.

शाळेतून काय करता येईल

पुष्कळ घरांत मोबाईलवरील संदेश वाचून दाखविणारे मूलच असते. म्हणून हा विषय वर्गात घेणे म्हणजे घराच्या उंबरठ्यावर राखणदार बसविणे होय. इयत्ता पाचवीपासून पुढे एका मुलास विक्रेता व दुसऱ्यास गिऱ्हाईक करून व्यवहाराचा छोटा संवाद बसवावा आणि ‘पिन केव्हा लागतो?’ हा प्रश्न वर्गास विचारावा. शेकडेवारीच्या तासाला ६०,००० ची वस्तू २०,००० ला मिळते तर सूट किती, व इतकी सूट कोणी का देईल, याचा विचार करवावा. शाळेच्या फलकावर पुढील पाच वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहावीत :

१. पैसे घेण्यास पिन लागत नाही.
२. वस्तू पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.
३. संदेश नव्हे, खात्यातील शिल्लक पाहावी.
४. घाई करणाऱ्याशी व्यवहार थांबवावा.
५. फसल्यास लगेच १९३० लावावा.

धान विक्रीची रक्कम शेतकऱ्यांच्या खात्यावर जमा होण्याच्या सुमारास पालकसभा घेतल्यास तिचा उपयोग अधिक होईल, कारण वर्षाची कमाई खात्यात असते ती त्याच दिवसांत.

शेवटी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. फसलेला मनुष्य पैशापेक्षाही लाजेने अधिक खचतो. घरचे रागावतील, गाव हसेल, या भीतीने तो दोन-दोन दिवस गप्प राहतो, आणि तेवढ्यात रक्कम हातची जाते. अशा माणसास गावात निःसंकोचपणे ज्याच्याकडे जाता येईल असा एक तरी सुशिक्षित मनुष्य असला पाहिजे. तो मान अजूनही शिक्षकाचाच आहे. ‘असे कसे फसलात?’ हा प्रश्न मागाहून विचारता येईल. आधी त्याला जवळ बसवावे, क्रमांक लावून द्यावा व तक्रार नोंदविली जाईपर्यंत त्याच्या सोबत राहावे.