न ऐकूं येणाऱ्या नादानें धुतलेलीं हत्यारें

दांताच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची दृष्टि प्रथम जाते ती शेजारच्या तबकाकडे. लहानसा गोल आरसा, वांकड्या टोकाची सळई, चिमटा, दाढ उपटण्याची सांडशी आणि दांताच्या मुळांत घालावयाच्या सुईसारख्या बारीक फायली हीं हत्यारें तेथें चकचकीत मांडून ठेवलेलीं असतात. तीं पाहून दुखण्याची भीति मनांत उभी राहते. पण हींच हत्यारें काल कोणाच्या तोंडांत होतीं, हा प्रश्न सहसा सुचत नाहीं, आणि सुचलाच तर विचारण्याचा संकोच वाटतो. वस्तुतः विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.

कराडला लागून, पुणें-बंगळूर महामार्गावर वसलेल्या मलकापूर गांवीं कृष्णा विश्व विद्यापीठाचें रुग्णालय व दंतमहाविद्यालय आहे. सातारा-सांगलीकडच्या खेड्यापाड्यांतून दुखरी दाढ घेऊन निघालेल्या माणसाला हें ठिकाण परिचयाचें. जेथें रुग्ण पुष्कळ आणि शिकणारे हातही पुष्कळ, अशा कोणत्याही संस्थेंत हत्यारांचा फेरा सतत फिरत राहणार, हें उघड आहे. इंजेक्शनची सुई एकदां वापरून टाकून देतां येते; पोलादाची सांडशी तशी टाकतां येत नाहीं. ती धुवावी लागते. याच मलकापुरानें चोवीस तास मीटरनें पाणी देण्याची योजना राबवून नांव मिळविलें. परंतु पाणी मुबलक असलें म्हणजे हत्यार स्वच्छ झालेंच, असें मात्र नाहीं.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, हत्यार उकळलें किंवा वाफेंत ठेवलें कीं काम झालें. दवाखान्यांतील ऑटोक्लेव्ह हा आपल्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरचाच थोरला भाऊ. त्यांत दाबाखालची वाफ १२१ अंश सेंटिग्रेडवर पंधरा मिनिटें, किंवा १३४ अंशांवर तीन मिनिटें हत्याराला भिडली, तर चिवटांतला चिवट जंतुही सहसा टिकत नाहीं. पण ती भिडली पाहिजे. सांडशीच्या बिजागरींत रक्ताचा कण वाळून बसला असेल, तर वाफ त्या कणाला भिडते, त्याच्या पोटांतल्या जंतूंना नव्हे. उलट उष्णतेनें रक्तांतील प्रथिनें थिजून पोलादाला घट्ट धरून बसतात. कपड्यावर रक्ताचा डाग पडला तर तो आधीं गार पाण्यानें धुवावा, कढत पाण्यानें डाग पक्का होतो, हें कोणत्याही जाणत्या गृहिणीला सांगावें लागत नाहीं. न धुतलेलें हत्यार भट्टींत टाकणें म्हणजे तोच डाग पक्का करणें होय.

हत्याराच्या बाबतींत थोडीशी हयगय कोठवर नेते, याचें एक उदाहरण आपल्या मुंबईशीं निगडित आहे. इ. स. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल गांवीं प्लेगची लस टोंचण्यांत आली. एकाच बाटलींतील लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. लस मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत हाफकिन साहेबांच्या देखरेखीखालीं तयार झालेली होती. ठपका त्यांच्यावर आला व त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें. पुढें चौकशींतल्या पुराव्याची नीट छाननी झाली तेव्हां असें दिसलें कीं, त्या गांवीं बाटलीचें बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतींत न धरतां नुसता कार्बॉलिकच्या पाण्यांत बुचकळून वापरला गेला होता. हाफकिन निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडलें. १९२५ पासून त्या प्रयोगशाळेला त्यांचेंच नांव आहे. पण १९ माणसें आणि एका थोर शास्त्रज्ञाचीं ऐन उमेदीचीं वर्षें एका चिमट्यापायीं गेलीं तीं गेलींच.

मग ब्रशनें घासावें, असें कोणी म्हणेल. घासतातही. पण दांताच्या मुळांत फिरविण्याची फाईल ही मळसूत्रासारखी पिळाची असते. पिळाच्या खांचेंत ब्रशाचा केस पोंचत नाहीं. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. घासणाऱ्याच्या बोटांत ती फाईल घुसली, तर कोणा अनोळखी माणसाच्या रक्तांतील काविळीचा विषाणु त्या बोटावाटें आंत शिरूं शकतो. हें काम करणाऱ्या माणसांचीं नांवें दवाखान्याच्या पाटीवर नसतात. रुग्णाला धोका आहे हें सर्वांना पटतें. धुणाऱ्याला आहे हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें.

या दोन्ही अडचणींवरचा तोडगा म्हणजे श्रवणातीत ध्वनीनें, अल्ट्रासोनिक यंत्रानें, हत्यारें धुणें. यंत्र दिसावयास अगदीं साधें: एक पोलादी टांकी, तींत पाणी, वर झांकण. खरी करामत टांकीच्या बुडाशीं चिकटविलेल्या चकत्यांची. कांहीं स्फटिकांना दाबलें असतां त्यांतून वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. उलट वीज दिली असतां ते आकुंचन-प्रसरण पावतात. पहिल्या महायुद्धांत लान्झव्हां या फ्रेंच शास्त्रज्ञानें हाच गुण वापरून समुद्रांतील पाणबुड्या हुडकण्याची युक्ति काढली. टांकीखालच्या चकत्या सेकंदाला सुमारें चाळीस हजार वेळां थरथरतात. मनुष्याच्या कानाची मर्यादा वीस हजारांची. तेव्हां हा नाद आपणांस ऐकूं येत नाहीं. चालू यंत्राजवळ जी बारीक चरचर ऐकूं येते, ती पाण्यांत चाललेल्या गडबडीची.

ही गडबड समजण्यास चुलीपाशीं जावें. चहाचें आधण ठेवलें म्हणजे पाणी उकळण्यापूर्वीं सूं सूं असा आवाज करतें. तळाशीं वाफेचे बुडबुडे होतात, वरच्या कमी तापलेल्या पाण्यांत शिरतांच मिटतात, आणि त्या मिटण्याचा तो आवाज. श्रवणातीत लहरींत हेंच घडतें, मात्र उष्णतेनें नव्हे, ताणानें. लहर पाण्याला क्षणांत ताणते, क्षणांत दाबते. ताणलेल्या पाण्यांत सूक्ष्म पोकळ्या पडतात. दाब येतांच त्या कोसळतात. जहाजांच्या पंख्यांना पडणाऱ्या खळग्यांच्या संदर्भांत लॉर्ड रॅले यांनीं १९१७ सालीं अशा पोकळीच्या कोसळण्याचें गणित मांडलें. कोसळण्याच्या त्या निमिषांत पोकळीच्या पोटीं उष्णता हजारों अंशांवर जाते. पण पोकळी इतकी लहान कीं टांकींतील पाण्याला तिचा पत्ताही लागत नाहीं. पोकळी एखाद्या पृष्ठभागाजवळ कोसळली, तर पाण्याची सुईसारखी धार त्या पृष्ठभागावर आदळते. अशा असंख्य धारा बिजागरींत, पिळांत, खांचेंत, पाणी जाईल तेथें जातात व मळ उचकटून काढतात. सराफाच्या पेढीवर दागिने आणि चष्मेवाल्याकडे चष्मे उजळणारी लहानशी पेटी ही याच यंत्राची धाकटी बहीण.

यंत्र विकत घेणें सोपें, वापरणें तितकें सोपें नाहीं. ताज्या पाण्यांत हवा विरघळलेली असते आणि ती लहरींचा जोर खाऊन टाकते. म्हणून प्रथम कांहीं मिनिटें यंत्र रिकामें चालवावें लागतें. पाणी चाळीस ते पन्नास अंशांच्या आसपास कोमट असावें. फार तापलें तर तेंच थिजण्याचें संकट. त्यांत प्रथिनें विरघळविणारें द्रावण घालतात, मीठ किंवा ब्लीचिंगचें पाणी नव्हे, कारण त्यानें पोलादाला खड्डे पडतात. हत्यारें जाळीच्या टोपलींत, बिजागऱ्या उघडून, एकमेकांवर न रचतां ठेवावयाचीं. दाटीवाटी झाली कीं मागच्या हत्यारांना पुढच्यांची सांवली पडते. पोकळ नळींत हवा अडकली तर आंतली बाजू कोरडीच राहते. दांत कोरण्याचें फिरतें यंत्र, डिंकानें बसविलेलीं भिंगें, रबर, यांना या टांकींत जागा नाहीं. झांकण लावावयाचें, कारण उडणारे तुषार मळाचेच असतात. आणि चालू टांकींत बोट घालण्याचा मोह कोणीं करूं नये.

यंत्राची परीक्षा मात्र घरगुती आहे. पोळ्या गुंडाळण्याच्या ॲल्युमिनियमच्या कागदाची पट्टी पाण्यांत उभी धरून थोडा वेळ यंत्र चालवावें. पट्टीवर सर्वत्र सारखीं बारीक भोंकें व खळगे पडले तर यंत्र ठीक. एका बाजूला ती कोरी राहिली तर त्या बाजूची चकती निकामी झाली, असें समजावें.

सर्वांत मोठी चूक वेगळीच. टांकींतून निघालेलें हत्यार लखलखीत दिसतें, आणि घाईच्या दवाखान्यांत तेंच पुरेसें मानण्याचा मोह होतो. पण हें यंत्र जंतु मारण्याचें नव्हे. उलट दिवसभर वापरलेलें तें कोमट पाणी हाच जंतूंचा कढ असतो. तें निदान रोज, आणि गढूळ दिसतांच त्याआधींही, ओतून दिलें पाहिजे. टांकी ही मोरी आहे, मांडणी नव्हे. खरकटीं भांडीं एका अंगाला आणि घासलेलीं दुसऱ्या अंगाला, हा घरांतला नियम येथेंही पाळावा लागतो: टांकींतून काढलेलें हत्यार स्वच्छ पाण्यानें खळबळून, कोरडें करून, भिंगाखालीं पाहून, पाकिटांत बंद करून मगच ऑटोक्लेव्हमध्यें जावें. पिळाच्या फायलींचा तर इतका अविश्वास कीं, इंग्लंडांत २००७ सालीं त्या एकदां वापरून टाकून देण्याचा सल्ला दंतवैद्यांना देण्यांत आला.

खुर्चीवर बसलेल्या रुग्णानें संकोच न धरतां पाकीट आपल्या समोर फोडावयास सांगावें. पाकिटावरची खूण वाफ लागली कीं रंग बदलते, ती पाहावी. अर्थात् त्या रंगावरून वाफ लागली एवढेंच कळतें. आंतली फाईल त्यापूर्वीं धुतली होती कीं नाहीं, हें भिंग हातीं घेतलेल्या त्या पडद्यामागच्या माणसालाच ठाऊक असतें.