परदेशी निघालात? तिकिटाआधी रांगेचा विचार करा!

आमच्या इमारतीतले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाले. मुलाने दोन आठवडे तिकिटांची चौकशी केली. मुंबईहून निघणाऱ्या तीन विमानसेवा जवळजवळ सारख्याच होत्या. शेवटी सर्वांत स्वस्त तिकीट काढले गेले. आधी आखातात विमान बदलायचे, मग अमेरिकेतल्या एका शहरात आणि तिथून लेकीच्या गावी. अमेरिकेतल्या बदलासाठी दीड तास होता.

विमान वेळेवर उतरले, पण इमिग्रेशनच्या रांगेतच जवळपास दोन तास गेले. पुढे बॅगा घेऊन ती दोघे धावत पोहोचली, तोवर पुढचे विमान निघून गेले होते. काकांना मधुमेह, काकूंचे गुडघे दुखरे. रात्र खुर्चीत बसून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी काकू लेकीजवळ पोहोचल्या, तेव्हा नात चार तासांची झाली होती. ‘‘नातीला पाहून सगळा शीण गेला गं,’’ असे काकू आजही म्हणतात, ‘‘पण त्या रात्री लेकीचा हात माझ्या हातात असायला हवा होता.’’

चूक कोणाचीच नव्हती. तिकिटावर भाडे छापलेले असते, रांग छापलेली नसते, एवढेच.

बदल कुठे आहे ते पाहा

सारख्या वाटणाऱ्या तिकिटांत खरा फरक इथेच असतो. अमेरिकेत तुम्ही ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता, तिथेच इमिग्रेशन होते. साधारणपणे तिथेच बॅगा ताब्यात घेऊन कस्टम्समधून जावे लागते आणि मग त्या पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून शक्यतो विमान अमेरिकेबाहेर बदला आणि शेवटचे विमान थेट लेकीच्या गावी उतरणारे घ्या. अमेरिकेत बदल टळत नसेल, तर मध्ये किमान तीन-साडेतीन तास ठेवा.

अबुधाबीमार्गे जाण्याचा एक वेगळा फायदा आहे. तिथे 2014पासून अमेरिकेचे अधिकारी विमानात बसण्यापूर्वीच इमिग्रेशन आणि कस्टम्सची तपासणी करतात. त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर पडता येते. अर्थात रांग टळत नाही, ती अबुधाबीत लागते. पण तिच्यामागे अनोळखी देशात विमान चुकण्याची धास्ती राहत नाही. मात्र त्या बदलासाठीही पुरेसा वेळ हवा.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडतात खरी, पण दुसरे विमान चुकले की नवे तिकीट स्वतःच्या खिशातून काढावे लागते. वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही पैसे भरण्याआधीच विचारून घ्या.

उतरण्याची वेळही महत्त्वाची

एका मोठ्या विमानातून तीनशे-साडेतीनशे माणसे उतरतात. अशी चार-पाच विमाने एकाच तासात आली की काय होते, ते सांगायला नको. युरोपातून सकाळी-दुपारी सुटलेली बरीच विमाने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारनंतर उतरतात. कोणत्या विमानतळावर कोणत्या तासाला किती वेळ लागला, याची माहिती अमेरिकेचे कस्टम्स आणि सीमा संरक्षण खाते आपल्या संकेतस्थळावर देते. मुलांना ती पाहायला सांगा. दोन तिकिटांच्या भाड्यात थोडाच फरक असेल, तर कमी गर्दीच्या वेळी उतरणारे विमान निवडा.

रांगेत उभे राहताना

* शक्य असेल तर विमानात पुढच्या बाजूची, कडेची जागा मागा. आधी उतरणारा रांगेतही पुढे असतो. उतरण्यापूर्वीच स्वच्छतागृहात जाऊन या.

* गुडघे, कंबर किंवा हृदयाचा त्रास असेल तर संकोच न करता व्हीलचेअर मागा. मात्र ती किमान दोन दिवस आधी विमान कंपनीकडे नोंदवा.

* पासपोर्ट, परतीचे तिकीट, विम्याचे कागद, मुलांचा पत्ता आणि फोन नंबर हातातल्या पिशवीत ठेवा. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळ असू द्या. मधुमेहींनी बिस्किटेही ठेवावीत.

* अधिकाऱ्याच्या प्रश्नांना थोडक्यात आणि खरे उत्तर द्या. कोणाकडे आलात, किती दिवस राहणार, एवढेच बहुधा विचारतात. इंग्रजी येत नसेल तर तसे सांगा, दुभाषा मागता येतो. किती दिवस राहता येईल हे व्हिसावरच्या तारखेवर नव्हे, तर तिथे मिळालेल्या मुदतीवर ठरते. ती तारीख नीट पाहून घ्या.

* लाडू, चिवडा, मसाले नेत असाल तर कस्टम्सला तसे सांगा. हापूस आंबे, ताजी फळे, बियाणे नेऊ नका. लपवलेली वस्तू सापडली तर दंड होऊ शकतो.

* त्या दालनात फोन वापरू देत नाहीत. ‘‘उतरल्यावर दोन तास फोन आला नाही तरी घाबरू नकोस,’’ असे लेकीला आधीच सांगून ठेवा.

वारंवार ये-जा असेल तर

भारतीय नागरिकांना 2017पासून अमेरिकेच्या ‘ग्लोबल एंट्री’ योजनेत नाव नोंदवता येते. त्यासाठी शुल्क आणि मुलाखत असते. परतताना आपल्याकडची रांग टाळायची असेल, तर भारत सरकारची ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर’ योजना आहे. ती 2024च्या जूनमध्ये दिल्लीत आणि 2025च्या जानेवारीत मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळुरूसह आणखी सात विमानतळांवर सुरू झाली. ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे आणि छायाचित्र दिले की इमिग्रेशनच्या स्वयंचलित दारातून जाता येते.

आमच्या काकू पुढल्या वर्षी पुन्हा निघाल्या आहेत, नातीच्या वाढदिवसाला. या वेळी तिकीट थोडे महाग पडले. मुलाने कारण विचारले तेव्हा काका म्हणाले, ‘‘अरे, जास्तीचे पैसे विमानाचे नाहीत, वेळेवर पोहोचण्याचे आहेत.’’