सेप्टिक टाकी : उपशाची सुरक्षितता ठरते खोदकामाच्या वेळीच

स्वच्छ भारत अभियानाला 2 ऑक्टोबर 2014 रोजी प्रारंभ झाला आणि त्यानंतर देशाच्या ग्रामीण भागात 10 कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली. त्यांपैकी सुरुवातीच्या काळातील शौचालयांच्या टाक्या आणि खड्डे आता भरू लागले आहेत. त्यामुळे शौचालय आहे की नाही, या प्रश्नाची जागा त्यातील मैल्याचे पुढे काय होते, या प्रश्नाने घेतली आहे.

सेप्टिक टाकीत मैला नाहीसा होतो, हा व्यापक गैरसमज आहे. टाकीत जड घटक तळाशी बसतात, तेलकट घटक साय धरतात आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग कुजवतात. उरलेला गाळ साचतच राहतो. मधल्या थरातून बाहेर पडणारे पाणी निवळ दिसले, तरी त्यात रोगजंतू असतात. म्हणूनच ते उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडणे आवश्यक ठरते. गाळ वेळेवर न काढल्यास तो शोषखड्ड्यापर्यंत वाहत जातो, मातीची छिद्रे बुजवतो आणि सांडपाणी अंगणात वर येऊ लागते. टाकीचा उपसा साधारणतः दर दोन ते तीन वर्षांनी करावा, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी याच्या उलट घडते. ‘वीस वर्षे उपशाची काळजी नको’ म्हणून कुटुंबाच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठी टाकी खोदली जाते. वर्षानुवर्षे साचलेला गाळ तळाशी घट्ट होतो आणि उपसा करणाऱ्या गाडीच्या नळीने तो ओढला जात नाही. अशा वेळी मजुराला आत उतरवले जाते. बंद टाकीत प्राणवायू अत्यल्प असतो. हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की माणसाची वास घेण्याची क्षमताच बधिर होते. धोक्याची जाणीव होण्यापूर्वी शुद्ध हरपते, आणि वाचवण्यासाठी मागोमाग उतरणाराही दगावतो.

कायद्याने हे निषिद्ध आहे. हाताने मैला साफ करणाऱ्या कामगारांसंबंधीच्या 2013 च्या कायद्यानुसार सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामावर लावता येत नाही. हे बंधन ग्रामपंचायतीइतकेच घरमालकावरही आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये गटार सफाईतील मृत्यूंसाठीची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली.

हा धोका टाळण्याची खरी संधी खोदकामाच्या वेळी असते. टाकी रस्त्यालगत, गाडीची नळी पोहोचेल अशा जागी असावी. तिच्यावर फरशी किंवा न्हाणीघर बांधू नये. प्रत्येक कप्प्यावर उघडता येणारे झाकण व वायू बाहेर जाण्यासाठी उंच नळी असावी. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान 18 मीटर दूर हवा. मातीचा विचारही महत्त्वाचा आहे. काळ्या चिकण मातीत पाणी सावकाश मुरते, तर भेगाळलेल्या कातळातून ते न गाळताच विहिरीपर्यंत पोहोचू शकते.

जेथे जमीन पाणी शोषणारी आणि भूजल खोल आहे, तेथे टाकीऐवजी दोन शोषखड्ड्यांचे शौचालय अधिक सोयीचे ठरते. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवला जातो. बंद केलेल्या खड्ड्यातील मैल्याचे दीड ते दोन वर्षांत कोरडे, दुर्गंधीरहित खत बनते. फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणातील वरंगल जिल्ह्यातील गंगादेवीपल्ली येथे केंद्रीय पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे तत्कालीन सचिव परमेश्वरन अय्यर यांनी स्वतः अशा खड्ड्यात उतरून खत काढले होते. मात्र ही मुभा पूर्ण कालावधी विसावलेल्या शोषखड्ड्यापुरतीच आहे. सेप्टिक टाकीला ती लागू होत नाही.

उपसलेला गाळ ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ओतल्यास सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. सातारा जिल्ह्यातील वाई शहराने घरोघरच्या टाक्या तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या क्रमाने उपसून गाळ प्रक्रिया केंद्रात नेण्याची पद्धत 2018 पासून स्वीकारली आहे. लहान ग्रामपंचायतींना स्वतंत्र केंद्र परवडणारे नसते. त्यामुळे आसपासच्या गावांनी एकत्र येणे किंवा जवळच्या शहरातील केंद्राशी जोडून घेणे, हा मार्ग अभियानाच्या ग्रामीण टप्प्यात सुचवण्यात आला आहे. तोपर्यंत नवी टाकी खोदणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने, ती कोण, कशाने आणि किती वर्षांनी उपसणार, हे ठेकेदाराला काम सुरू होण्यापूर्वीच विचारणे हिताचे आहे.